न वाजवलेली ओळ

मंचरच्या बाजारपेठेत आमच्या घरमालकांचं भांड्यांचं दुकान होतं. खाली दुकान, वरच्या मजल्यावर जिन्याच्या एका बाजूला ते स्वतः राहायचे आणि दुसऱ्या बाजूच्या दोन खोल्या मला भाड्यानं दिलेल्या. मी अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लायब्ररीत नोकरीला होते, नगरकडची, एकटी. गाव त्यांना शेठ म्हणायचं. मी आधी शेठ म्हणत होते, मग कधीतरी काका म्हणायला लागले. ते मला शेवटपर्यंत मॅडमच म्हणाले, मी त्यांच्या मुलीपेक्षा लहान असूनही. दोन वर्षांपूर्वी ते गेले.

लग्नसराईत त्यांच्या दुकानात भांड्यांवर नावं घालायला गर्दी व्हायची. नावं घालायचं छोटं मशीन ते स्वतः चालवायचे, नोकराच्या हाती द्यायचे नाहीत. गिऱ्हाइकानं नाव सांगितलं की मशीन हातात तसंच धरून चष्म्यावरून बघत विचारायचे, "सप्रेम घालू, का नुसतं भेट?"

नवं गिऱ्हाईक गोंधळायचं. पारगावकडचा एक शेतकरी मला चांगला आठवतो. बायकोला घेऊन आलेला, साडूच्या मुलीच्या लग्नासाठी पितळी डबा घेतलेला.

"घाला की सप्रेम," तो म्हणाला. "सगळेच घालत्यात."

"सगळ्यांचं राहू द्या, भाऊ. तुमचं सांगा."

त्यानं बायकोकडं बघितलं. बायको पदर सावरत म्हणाली, "साडूचं आन् यांचं चार सालं बोलणं न्हाई. पर पोरगी लई गुणाची हाय. माज्या हाताखाली वाढली."

"मग आपण असं करू. मावशीकडून सप्रेम, काकांकडून भेट. दोन्ही नावं येतील."

आणि त्यांनी खरोखर तसंच घातलं. तो माणूस डब्याकडं बघत बसला. चिडेल असं मला वाटलं होतं, पण त्यानं डबा काखेत मारला आणि जाताना पायरीवर थांबून म्हणाला, "शेठ, आता लग्नात त्याच्याशी बोलावं लागंल मला." शेठ पुढच्या गिऱ्हाइकाचा तांब्या हातात घेऊन मोकळे झाले होते.

पुष्कळ लोक वैतागून शेजारच्या दुकानात जायचे. मुलगा सुरतेहून फोनवर म्हणायचा, बापूजी, धंदा करताय का पंचाईत? शेठ म्हणायचे, पितळेवर घातलेलं पुसता येत नाही, म्हणून विचारतो.

त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले. घरात मराठीच, फक्त रागावले की मारवाडी. सूर्य मावळला की अन्न बंद, पाणीही बंद. सूर्य कधी मावळतो ते ते घड्याळात बघायचे नाहीत. गच्चीवर जाऊन हाताचा तळवा डोळ्यांसमोर धरायचे. तळव्यावरच्या रेषा दिसल्या तर पाणी प्यायचे, नाही दिसल्या तर भरलेला पेला तसाच ठेवायचे. उन्हाळ्यात घसा कोरडा पडलेला असायचा, समोर पेला असायचा, आणि ते हात खाली घेऊन शांतपणे जिना उतरायचे. मी आले त्या पहिल्या मे महिन्यात हे बघितलं आणि त्या रात्री माठातलं पाणी पिताना मला उगीच अपराधी वाटलं.

असा हा माणूस वर्षानुवर्षं आमच्या चर्चमध्ये नाताळची पेटी वाजवत होता.

आमची मंडळी लहान, चाळीसेक घरांची. पूर्वी तिथं एक मास्तर होते, शाळेतून निवृत्त झालेले. तेच पेटी वाजवायचे आणि गाणीही तेच लिहायचे. शेठ त्यांच्याकडून पेटी शिकले ते देरासरात, त्यांच्या जैन मंदिरात, स्तवनं वाजवायला. मास्तरांचा उजवा हात अर्धांगानं गेला त्या डिसेंबरात पेटीवर बसायला कुणी नव्हतं, म्हणून मास्तरांनी शेठला बोलावलं. एका नाताळापुरतं. पुढं मास्तर वारले, आणि शेठ येतच राहिले.

ते यायचे ते पेटी शालीत गुंडाळून, स्कूटरवर पायांमधे ठेवून. चर्चच्या दाराशी वहाणा काढायचे. आमच्यात कुणी काढत नाही, पण ते काढतात म्हणून पुढं पुढं निम्मी मंडळी काढायला लागली. खुर्ची दिली तरी वेदीच्या पायरीच्या खाली जमिनीवर बसायचे, लोकांकडं पाठ नाही आणि तोंडही नाही, भिंतीकडं बघत. कॅरल फेरी पूर्वी संध्याकाळी निघायची. शेठना घरोघरचा चहा घेता यावा म्हणून ती दुपारी तीनला निघायला लागली. रुथमावशी त्यांच्यासाठी कांदा-लसूण न घातलेला चिवडा करायची, आणि वेगळं काढायला नको म्हणून सगळ्यांनाच तोच द्यायची.

रुथमावशी म्हणजे आमच्या गाण्याचा कणा. सरकारी दवाखान्यात आया म्हणून जन्म काढलेला, तळेघरच्या डोंगरातली, लग्नानंतर ख्रिस्ती झालेली. आवाज फाटका पण असा की पेटी नसली तरी चालावं.

मास्तरांचं एक गाणं प्रत्येक घरी म्हटलं जायचंच. दमली माय, निजले बाळ, गाय उभी दाराशी, अशी त्याची सुरुवात. साधं गाणं, पाळण्याच्या चालीचं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी एक ओळ यायची: तूच माझा तारणारा, तुजविण मज थारा नाही. ती ओळ आली की शेठ उजवा हात पट्ट्यांवरून आणि डावा भात्यावरून उचलायचे, दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. ओळ नुसत्या आवाजांवर जायची. ओळ संपली की पेटी नेमकी मात्रेवर परत यायची.

ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. इतका वेळ पेटीच्या कुशीत चाललेलं गाणं एकदम उघड्यावर यायचं. सगळ्यांना ती शेठची कला वाटायची. खंजिरीवाल्यानंही त्या ओळीला थांबायची सवय लावून घेतली होती. नगरहून माझी आई एकदा आली होती, ती म्हणाली, आमच्याकडच्या मोठ्या चर्चमध्येसुद्धा असं कुणाला सुचत नाही. मी हे शेठना सांगितलं. ते शालीची घडी घालत राहिले.

माझा धाकटा भाऊ दुचाकीच्या अपघातात गेला ती गोष्ट मी मंचरला येऊन तीन वर्षं झाल्यानंतरची. त्याबद्दल फार लिहीत नाही. दफन झालं, लोक येऊन गेले, मी परत नोकरीवर आले. चर्चला जात राहिले, कारण आई दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारायची. त्या नाताळात मास्तरांचं गाणं सुरू झालं, दमली माय म्हटलं, निजले बाळ म्हटलं, आणि ती ओळ आली तेव्हा माझ्या गळ्यातून काही निघालं नाही. शेजारच्या बाईला कळू नये म्हणून मी ओठ हलवले. पुढच्या वर्षीही हलवले. कुणाला काही कळलं नाही.

त्यानंतर नवे पाळकसाहेब आले. तरुण, बत्तीस-तेहतीसचे, नुकतं शिकून आलेले आणि मनापासून काम करणारे. आजारी माणसाच्या घरी बस नसेल तर चालत जायचे. नाताळाबद्दल मात्र त्यांचं मत पक्कं होतं. लोक तारे, केक, गोड गाणी यातच रमतात आणि ज्याच्यासाठी हे सगळं तो बाजूला राहतो, असं ते उपदेशात म्हणायचे. "डोळ्यांत पाणी आलं म्हणजे विश्वास आला असं नाही," हे त्यांचं वाक्य.

रुथमावशीला ते पटायचं नाही. ती त्यांना तोंडावर म्हणाली होती, "सायेब, मी ख्रिस्ती झाले तवा मला काय बी ठाऊक न्हवतं. सासूसंगं गाणी म्हणायची. म्हणता म्हणता कवा खरं वाटाया लागलं ते मलाच समजलं न्हाई. आधी इस्वास आन् मंग गाणं, असं कुणाचं व्हतं?"

त्या नोव्हेंबरच्या शेवटी सरावाला आम्ही वीसेक जण जमलो होतो. मास्तरांचं गाणं झालं. पाळकसाहेब म्हणाले, "शेठ, एक विनंती. त्या ओळीला पेटी थांबते तिथं सूर उतरतो. मागच्या बाकावरचे भरकटतात. तेवढी ओळ वाजवाल का?"

"नाही येणार मला," शेठ म्हणाले.

"अवघड आहे का?"

"सोपी आहे. पण ती माझी नाही."

पाळकसाहेबांना कळलं नाही. आम्हालाही कळलं नाही. शेठ भिंतीकडं न बघता पहिल्यांदाच आमच्याकडं बघून बोलले. "बाळ झालं, माय दमली, गाय दाराशी उभी राहिली, हे मला मान्य आहे. त्याचा आनंद मला होतो. आम्ही पण पर्युषणात महावीरस्वामींचा पाळणा म्हणतो. पण आमच्यात तारणारा दुसरा कुणी नसतो. ज्याचं त्यानं पोहून जायचं. मग मी 'तूच माझा तारणारा' कसं वाजवू? बोटानं खोटं बोलल्यासारखं होईल."

बावीस वर्षं ज्याला आम्ही कला म्हणत होतो ती ही होती.

"मास्तरांना माहीत होतं?" कुणीतरी विचारलं.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले, तिथं थांब, देवाला चालेल."

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला होता. ते रागावले नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. "शेठ, मग बाकीचं तुम्ही कशासाठी वाजवता? गोड लागतं म्हणून?"

शेठनी जरा विचार केला. "गोड लागतं, हे तर आहेच. आणि तुम्ही लोक ती ओळ म्हणता तेव्हा तुमच्याजवळ बसायला मिळतं म्हणून."

"पण मंडळीच्या उपासनेत पुढं बसून वाजवणाऱ्याचा त्या गाण्यावर विश्वास नको का? मी काय शिकवतो लोकांना?"

"आता बावीस वर्सांनी?" मावशी म्हणाली. "त्यांच्या पेटीवं आमची पोरं म्होटी झाली, सायेब."

"थांबा ताई," शेठ म्हणाले. ते मावशीला ताई म्हणायचे. "साहेबांचं बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असतो तर हेच विचारलं असतं." त्यांनी पेटीचा भाता बंद करून खिट्टी लावली, शाल गुंडाळली, आणि पाळकसाहेबांना हात जोडून म्हणाले, "तुम्ही मंडळीच्या पंचांशी बोला, काय ते ठरवा. माझ्या मनात काही नाही."

पंचांनी ठरवलं की उपासनेत पेटी विश्वासणाऱ्यानं वाजवावी. पाळकसाहेबांचा पुतण्या पुण्याहून कीबोर्ड घेऊन येणार होता.

निरोप द्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मीच गेले. दुकान बंद व्हायच्या वेळी, दिवस अजून मावळायचा होता. शेठ पातेल्यांच्या चळती लावत होते. मी सांगितलं आणि म्हणाले, "काका, मंडळीच्या वतीनं मी माफी मागते. लोकांना फार वाईट वाटलंय."

ते चळत पुरी करून माझ्याकडं वळले. "मॅडम, तुम्ही कशी माफी मागता? ती ओळ तर तुम्ही पण म्हणत नाही."

मी गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसले.

"पेटी चालू असली की वाजवणाऱ्याला पेटीच ऐकू येते," ते म्हणाले. आवाजात ठपका नव्हता, पातेल्याचा भाव सांगावा तसं सांगत होते. "ती थांबली की सगळे ऐकू येतात. एकेकाचा आवाज. बावीस वर्षं ऐकतोय. दोन नाताळ झाले, तुमचा नाही."

मी म्हणाले, "आणखी कोण कोण म्हणत नाही?"

"ते मी सांगणार नाही."

"पुष्कळ आहेत?"

"ते पण नाही. एक जण नऊ वर्षं म्हणत नव्हता. एका वर्षी म्हणाला. त्या दिवशी मला घरी येऊन झोप लागली नाही, एवढं सांगतो."

मला त्या क्षणी त्या माणसाची भीती वाटली, हे खरं. चाळीस घरांच्या मनातलं तो इतकी वर्षं ऐकत होता, आणि बाजारपेठेत बसून कुणाला एक अक्षर बोलला नव्हता. पाळकांना नाही, पंचांना नाही, ज्याचं त्यालाही नाही.

"मी काय करू, काका?"

"त्यातलं मला काय कळतं? तुमचा धर्म तुमचा. म्हणवत नाही तर म्हणू नका. तुम्ही थांबलात ते मला बरोबर वाटतं." मग दिवा लावायला जाता जाता म्हणाले, "पण ओठ कशाला हलवता?"

त्या नाताळाला कीबोर्ड आला. पुतण्या गुणी मुलगा होता, सुरेख वाजवत होता. मास्तरांचं गाणं सुरू झालं. ती ओळ आली आणि कीबोर्ड थांबला नाही. भरदार, गोलसर आवाजात ओळ वाजली, मागच्या बाकाचा सूर कुठंच उतरला नाही. मी तोंड मिटून उभी होते. ओठ हलवले नाहीत. पाळकसाहेब समोर होते, त्यांनी पहिल्या कडव्याला माझ्याकडं बघितलं, दुसऱ्याला बघितलं, आणि तिसऱ्या कडव्यात ते स्वतः अडखळले.

उपासना संपल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं. मी सगळं सांगितलं. भावाचं, दोन वर्षं ओठ हलवल्याचं, सगळं.

"हे शेठना माहीत होतं?"

"दोन वर्षांपासून."

"त्यांनी कुणाला सांगितलं?"

"कुणालाच नाही. मलासुद्धा सांगितलं ते मी माफी मागायला गेले तेव्हाच."

बाहेर मुलं फुगे फोडत होती. पाळकसाहेब म्हणाले, "मला वाटत होतं, या खोलीत विश्वास नसलेला एकच माणूस आहे आणि तो पेटीवर बसलाय. मी त्याला उठवला. आणि तुम्ही समोर उभ्या होतात, तुमचा भाऊ गेलेला मला ठाऊक होतं, मी एकदाही विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. मी जिन्यात होते, सगळं ऐकू आलं. त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं, "शेठ, परत या. त्या ओळीला थांबत जा."

"येईन," शेठ म्हणाले. "पण एक आहे. मी का थांबतो ते तुम्ही सगळ्या मंडळीला सांगा. सरावाला वीस जण होते, बाकीच्यांना अजून कला वाटते. मला बावीस वर्षं लोक वाहवा म्हणत होते आणि मी ऐकून घेत होतो. ते काही बरोबर नव्हतं. तेवढं खोटं माझ्या नावावर आहे."

पुढच्या डिसेंबरात, पहिल्याच रविवारी, पाळकसाहेबांनी उभं राहून ते सांगितलं. शेठ पायरीखाली बसले होते, मान खाली. पाळकसाहेब म्हणाले, "या ओळीला पेटी थांबेल, कारण शेठ जे मानत नाहीत ते वाजवत नाहीत. आपणही जे मानत नाही ते म्हणायची सक्ती नाही. ज्याला म्हणता येईल त्यानं म्हणावं. बाकीच्यांनी शांत उभं राहावं. कुणी कुणाकडं बघायचं नाही."

मग गाणं झालं. ती ओळ आली, हात उचलले गेले, आणि चर्चमध्ये जे ऐकू आलं ते मी त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. पूर्वी भिंती भरून जायच्या. आता दहा-बारा आवाज होते. मावशीचा फाटका, पाळकसाहेबांचा जाड, मागून एका म्हाताऱ्याचा जवळजवळ बोलल्यासारखा. बाकी सगळे गप्प. माझ्या पुढच्या बाकावर एक गृहस्थ होते, पंचांपैकी, शेठना काढायच्या बाजूनं मोठ्यानं बोललेले. तेही गप्प होते. त्या दहा-बारा आवाजांतला प्रत्येक खरा होता, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. मी तोंड मिटून ऐकत होते आणि मला त्या लोकांचा हेवा वाटत होता.

त्या वर्षापासून आमच्याकडं तसंच चालू राहिलं. कधी आवाज वाढले, कधी कमी झाले. कुणी कुणाला विचारलं नाही.

नंतर रुथमावशी आजारी पडली. दम लागायचा, जिना चढवेना. मुलगा बाहेरगावी, म्हणून भाऊ तिला तळेघरला आपल्या घरी घेऊन गेला. भावाचं घर हिंदू, पण डिसेंबर आला तसा त्याचा फोन आला पाळकसाहेबांना. "आक्का म्हणती, औंदा गाणी आली न्हाईत. येता का राव? आमी बी ऐकू."

आम्ही पाच जण गेलो. सकाळच्या बसनं. फाट्यावर उतरून पुढं चालायचं होतं, भाताच्या कापलेल्या खाचरांमधून, बांधाबांधानं. शेठ तेव्हा सत्तरीला आले होते. पेटी त्यांनी कुणाला घेऊ दिली नाही. शालीची झोळी करून पाठीला बांधली आणि दर दोन बांधांनंतर थांबत, धापा टाकत, पण चालत राहिले.

मावशीला अंगणात बाजेवर टेकवून बसवलं होतं. उन्हात. बाजूला पेंढ्याची उडवी, गोठ्याच्या दारात एक गाय. भावजयीनं सगळ्यांना नाचणीची भाकरी आणि चटणी दिली. शेठना म्हणाली, "तुमच्यात कांदा चालत न्हाई म्हनं. आक्कानं सांगितलं, म्हून बिनकांद्याची केलीया." मावशीला बोलवत नव्हतं, पण ती हसली.

दुपार कलायच्या आत आम्ही मास्तरांचं गाणं धरलं. मावशी पहिल्या ओळीपासून म्हणायला लागली, अर्धं श्वासात, अर्धं सुरात. आम्ही तिच्यासाठी लय कमी केली. ती ओळ आली. शेठनी हात मांडीवर ठेवले. मावशीनं "तूच माझा" म्हटलं आणि तिचा श्वास संपला. तोंड उघडं, डोळे आमच्याकडं, पुढचा शब्द येईना. पाळकसाहेबांनी सूर धरायला तोंड उघडलं आणि मावशीकडं बघून तसंच मिटलं. बाकी दोघं त्यांच्याकडं बघत राहिले. अंगणात एकदम काहीच नव्हतं. तिनं आयुष्यभर उचललेली ओळ मधेच जमिनीवर पडल्यासारखी झाली.

मी म्हटलं. "तारणारा, तुजविण मज थारा नाही." एकटीनं. आवाज चिरका निघाला, सूर कुठं लागला ते मला माहीत नाही. मावशी माझ्याकडं बघत होती आणि तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

ओळ संपली. पेटी आली नाही. एक मात्रा गेली, दुसरी गेली. मी खाली बघितलं. शेठ भिंतीकडं बघत नव्हते, पट्ट्यांकडंही नाही. माझ्याकडं बघत होते, हात तसेच मांडीवर. मग त्यांना भान आलं, आणि पेटी घाईघाईनं कशीतरी आत शिरली.

परतताना बांधावर मी त्यांच्या मागं होते. पाळकसाहेब बरेच पुढं निघून गेले होते. मी म्हणाले, "काका, मला कळत नाही. मावशीचं तोंड बघवेना म्हणून म्हटलं, का खरंच म्हटलं."

"मला पण नाही कळलं," ते म्हणाले. झोळी खांद्यावर सारखी केली. "आवाज कुठून आला ते आवाजावरून नेहमी नाही कळत."

"मग पुढच्या वर्षी काय करू?"

"पुढच्या वर्षी बघा ना."

फाट्यावर आलो तेव्हा पाळकसाहेब बसची वाट बघत उभे होते. ऊन उतरलं होतं. शेठनी झोळी उतरवून दगडावर ठेवली आणि घाम पुसला. पाळकसाहेब जरा चेष्टेनं म्हणाले, "शेठ, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा चुकलात. उशिरा आलात."

"हो," शेठ म्हणाले. "ऐकत राहिलो."